जेटला मिसाईल बनवायचं कसं?

जहाजावरच्या लोकांना सरावासाठी खरं मिसाईल अंगावर घ्यायला लावता येत नाही, म्हणून एक छोटं जेट घ्यायचं आणि तेच मिसाईल समजून जहाजावर सोडायचं. ब्रिटिश नेव्हीने कॉर्नवॉलमधल्या कल्ड्रोज तळावरून हॉक टी१ घेऊन हे वर्षानुवर्षं केलं, त्यांचं ७३६ स्क्वॉड्रन २०२२ मध्ये बंद झालं. तुम्हाला सिम्युलेटर गेममध्ये असा हल्ला रचायचा असेल तर त्यांचीच पद्धत उचला.

आधी एक मोठं जेट ठेवा, त्यांच्याकडे फाल्कन २० असायचं. हे म्हणजे शत्रूचं बॉम्बर, पंखाखाली लावलेल्या पॉडमधून (उपकरणांच्या डब्यातून) जॅमिंग करून, म्हणजे गोंधळाचे सिग्नल सोडून, जहाजाच्या रडारला पिडणारं. हॉक त्याच्या अगदी जवळून उडतो आणि मग एकदम सुटतो, खाली पाण्यालगत जातो आणि सरळ जहाजाकडे येतो. सुटला म्हणजे मिसाईल फायर झालं असं धरायचं.

आता उंची, सगळा खेळ इथेच आहे. रडार अँटेना आणि विमान, दोघांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा, किती किलोमीटरवर दिसेल ते येतं. अँटेना २५ मीटरवर असेल आणि हॉक ३०० मीटरवर, तर साधारण ९२ किमी, म्हणजे ताशी ९०० च्या स्पीडला सहा मिनिटं मिळाली, चहा पिऊन होईल. तोच हॉक ३० मीटरवर आणला की ४३ किमी, तीन मिनिटंसुद्धा नाहीत. पण खरं एक्झोसेट (जहाजांवर सोडायचं मिसाईल) पाण्यावरून जेमतेम चार मीटरवर येतं, वर हॉकपेक्षा फास्ट, तिथे हातात दीडेक मिनिटच उरतं! शिवाय ते हॉकपेक्षा कितीतरी लहान, रडारवर आणखी उशिरा कळणार. त्यामुळे हॉक वेळेत पकडला म्हणून खूश होऊ नका, क्रूच्या वेळेतून मिनिटभर कापूनच मार्क द्या.

४ मे १९८२ ला फॉकलंड युद्धात एचएमएस शेफील्डला एक्झोसेट लागलं, २० जण गेले, आणि चाफ (मिसाईलच्या रडारला फसवायला हवेत उडवायच्या धातूच्या पट्ट्या) उडालाच नव्हता. म्हणून फक्त "दिसलं का" बघू नका, दिसल्यावर कोण किती सेकंदांत ओरडलं, चाफ कधी गेला, जहाज कधी वळलं, हे घड्याळ लावून लिहा.

आणि पहिल्याच रनला जॅमिंग चालू करू नका, आधी एकच हॉक, स्वच्छ हवा, मग दोन दिशांनी दोन.