वाड्यातली जुनी नक्षीची काच ओळखताना या चुका टाळा

विदर्भात जुन्या वाड्याची वाटणी होते तेव्हा शेती, दागिने, भांडीकुंडी यांचा हिशेब आधी होतो. माजघरातल्या आलमारीतली काच शेवटी निघते. गुलाबदाणी, फुलदाण्या, बुचासकट सुरई, दिवाणखान्यातल्या झुंबराचे सुटे लोलक, असं काहीबाही. कापसाचा पैसा वऱ्हाडात आला १८६० च्या दशकात, मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, आणि मालगुजार-देशमुखांच्या घरांत विलायती सामान येऊ लागलं. आज त्याच वस्तू एक तर ‘लाखाच्या आहेत’ म्हणून कुलपात पडतात, नाही तर किलोच्या भावाने भंगारात जातात. दोन्ही वेळा कुणी ती वस्तू नीट हातात धरून पाहिलेली नसते. मला हेच सगळ्यात जास्त खटकतं.

घरातली गोष्ट हाच पुरावा मानणं

‘पणजोबांनी कलकत्त्याहून ऑस्लरची आणली’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी काचेचं प्रचंड कारंजं बनवलं होतं आणि कलकत्त्यात तिचं दालन होतं, हे खरं. पण म्हणून प्रत्येक झुंबर तिचं ठरत नाही. तळ तिरप्या उजेडात धरा आणि त्यावर तोंडाची वाफ सोडा. आम्लाने उमटवलेला पुसट शिक्का असेल तर तो क्षणभर दिसतो. शिक्का नाही म्हणून वस्तू खोटी असंही नाही, कारण जुन्या काचेच्या कितीतरी वस्तूंवर खूण नसतेच. ‘चेकोस्लोव्हाकिया’ अशी अक्षरं दिसली तर वस्तू १९१८ नंतरची, कारण तो देशच तेव्हा जन्मला. मग पणजोबांची गोष्ट किती का रंगवून सांगितलेली असेना.

नक्षी दिसली की ‘कट ग्लास’ म्हणणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे घाई करू नका. खरी कापलेली काच फिरत्या चाकावर ओल्या वाळूने आणि दगडाने कापून मग घासून चमकवलेली असते. नक्षीच्या कडेवरून बोट अलगद फिरवा. कापलेली कड टोकदार लागते. साच्यात दाबून काढलेल्या काचेची कड गुळगुळीत, गोलसर, साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी लागते. मग भिंग घ्या. हाताने कापलेल्या नक्षीत रेघा जिथे मिळतात तिथे एखादी रेघ पुढे निसटलेली असते, एखादी पाकळी शेजारणीपेक्षा बारीक असते. साच्याच्या काचेत सगळं एकसारखं. कानाखाली, काठाजवळ, नक्षीच्या खोबणीत साच्याच्या जोडाची बारीक रेघ शोधा. वरची रेघ घासून काढलेली असू शकते, पण खोबणीतली बहुधा राहते. आधी साच्यात दाबून मग वरवर कापलेल्या वस्तूही असतात, त्यामुळे एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

सुरई असेल तर बूच आणि मान दोन्ही पाहा. बूच त्याच मानेत घासून बसवलेलं असतं म्हणून कारागीर दोन्हींवर एकच आकडा कोरत. आकडे जुळत नसतील तर बूच बदललेलं आहे.

टकटक करून निकाल लावणं

काठावर नखाने किंवा चमच्याने वाजवायचं, घंटेसारखा नाद आला की शिसं असलेली उंची काच, असं मानतात. पातळ साधा पेलाही वाजतो आणि शिशाची जाड ताटली मुकी राहते. शिवाय केसाएवढा तडा असेल तर त्या टिचकीने तो वाढतो.

त्यापेक्षा घरातल्या डिजिटल काट्यावर घनता काढा. आधी कोरडी वस्तू तोला. मग काट्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून आकडा शून्य करा. वस्तू मजबूत दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण ती तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. सुरईत हवा अडकली असेल तर वाकडी करून काढा. आता काटा जो आकडा दाखवेल, त्याने पहिल्या वजनाला भागा. समजा कोरडी वस्तू ८४० ग्रॅम भरली आणि काट्यावर २८० आले, तर उत्तर ३. साधी काच २.५ च्या आसपास येते, भरपूर शिसं असलेली ३ किंवा जास्त. (युरोपात ‘लेड क्रिस्टल’ म्हणवण्यासाठी किमान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं.) उत्तर २.५ आलं तरी निराश होऊ नका. बोहेमियातली बरीच कापीव काच शिशाविना बनलेली आहे.

साच्याची निघाली म्हणून टाकून देणं

साच्यात काच दाबायची पद्धत १८२० च्या दशकात अमेरिकेत रुजली, त्यामुळे साच्याची वस्तूही सहज शंभरी ओलांडलेली असू शकते. शिवाय आपल्याकडे तळेगावचा पैसा फंड कारखाना १९०८ चा आणि ओगलेवाडीचा १९१६ चा. स्वदेशीच्या त्या काळातली मराठी काच घरात असेल तर मला ती विलायती फुलदाणीपेक्षा मोलाची वाटते. तळाची उठावाची अक्षरं वाचल्याशिवाय काही फेकू नका.

आधी घासून लख्ख करणं

राख, चिंच, तारेची घासणी हे पितळेला ठीक. काचेवर ओरखडे पडतात, आणि तळाच्या वापराच्या बारीक, वेड्यावाकड्या रेघा, म्हणजे वयाचा पुरावा, त्यात हरवतो. सोनेरी काठ तर निघूनच जातो. मे महिन्यात टिनाखालच्या माळ्यावरून काढलेली तापलेली काच थेट गार पाण्यात घातली तर तडकते. आधी सावलीत तास-दोन तास राहू द्या.

आतला पांढुरका थर वेगळा विषय आहे. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात तो बहुधा क्षाराचा असतो आणि पातळ केलेल्या व्हिनेगरने उतरतो. उतरला नाही, तर वर्षानुवर्षं पाणी राहून काचच झिजली आहे. ती कितीही घासली तरी सुधारत नाही.

शिशाच्या भांड्यात लोणचं किंवा लिंबाचा रस कधीच साठवू नका. आंबट पदार्थात शिसं उतरतं. त्यासाठी चिनी मातीची बरणी आहे.

दारात आलेल्याला लगेच देणं

गावोगाव फिरणारा खरेदीदार ‘आत्ताच सांगा’ म्हणतो, तेव्हा नाही म्हणा. तळ, कड, बूच आणि टवका यांचे जवळून फोटो काढा, सोबत मापं आणि घनतेचा आकडा लिहा, आणि दोन वेगळ्या जाणकारांना दाखवा. टवका कुणाकडूनही घासून घेऊ नका. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. परदेशातल्या नातेवाइकाकडे पाठवण्याआधी हे तपासून घ्या.