कार्बोरेटरची जुनी गाडी पीयूसीत नापास होते? या चुका टाळा

भारत स्टेज दोन या प्रदूषणाच्या नियमाआधीच्या पेट्रोल चारचाकीसाठी पीयूसीची मर्यादा फार कडक नाही. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ३ टक्के आणि हायड्रोकार्बन (एचसी), म्हणजे न जळालेलं पेट्रोल, १५०० पीपीएम (दहा लाखांत १५०० भाग). इंजिन धड असलेली मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी यात सहज बसते. बसत नसेल, तर कुठेतरी साधाच बिघाड असतो आणि तो शोधण्याआधीच कोणीतरी मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवणारा) स्क्रू फिरवून ठेवलेला असतो.

पहिली चूक: आकडे न वाचता स्क्रूड्रायव्हर उचलणे

नापास झालात तरी दोन्ही आकडे विचारून लिहून घ्या. निम्मं निदान तिथेच होतं.

सीओ जास्त आणि एचसी ठीक असेल, तर पेट्रोल जास्त जातंय. सीओ अगदी कमी आणि एचसी भरमसाट असेल, तर मिसिंग आहे, म्हणजे मिश्रण मधूनमधून पेटतच नाही: प्लग, वायर, पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले ठिणगीचे संपर्क) किंवा कुठूनतरी शिरणारी फुकटची हवा. अशा गाडीचा स्क्रू आणखी आवळला की मिश्रण अजून पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), मिसिंग वाढतं आणि एचसी वर चढतं. ‘स्क्रू टाइट केला तरी नापास’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. दोन्ही आकडे जास्त असतील, तर डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते पेट्रोल वाफ होऊन ब्रीदरच्या (ऑइलची वाफ बाहेर काढणाऱ्या) पाइपातून परत इंजिनात जातं. तिथे आधी ओव्हरफ्लो, म्हणजे कार्बोरेटरमधून जास्तीचं पेट्रोल वाहणं, बंद करायचा, मग ऑइल बदलायचं.

सीओ जास्त असेल तर

चोकपासून, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणाऱ्या झडपेपासून, सुरुवात करा. फिल्टरचं झाकण काढून वरून बघा, चोकची पत्ती पूर्ण उभी असली पाहिजे. डॅशबोर्डवरचा नॉब आत ढकललेला असूनही केबल सरकल्यामुळे पत्ती तिरकी राहते, हे जुन्या गाड्यांत नेहमीचं.

एअर फिल्टर बदलाच, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. आयडलिंगला इंजिन हवा थोडीच ओढतं, त्यामुळे फक्त फिल्टर बदलून ६ टक्क्यांचे २ होत नाहीत. खान्देशातल्या धुळीचा खरा त्रास वेगळा आहे. फिल्टर नीट बसलेला नसेल, तर काळ्या मातीचा बारीक फुफाटा कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत पोचतो आणि स्लो सर्किटचं (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या वाटेचं) हवेचं बारीक छिद्र बुजवतो. हवा कमी, पेट्रोल तेवढंच. हे छिद्र तारेने खोचू नका. पितळ झिजून छिद्र मोठं झालं की जेट, म्हणजे ते मापाचं पितळी तोंड, गेला. कार्ब क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरे.

मग फ्लोट, कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा. पेट्रोल अडवणारी त्याची पिन नीट बसत नसेल, तर पातळी वाढून पेट्रोल आपोआप गळतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टाकीतला जुना गंज आणि मळ सोडवतं, तो कचरा पिनखाली अडकतो. जुने रबरी पाइपही मऊ पडतात. पेट्रोल फिल्टर बदला आणि पाइप इथेनॉल चालणारे घ्या. पितळी फ्लोट काढून, पुसून, गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर भोक आहे.

एचसी जास्त असेल तर

प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्यूटरची कॅप, पॉइंटची गॅप आणि ठिणगीचं टायमिंग, याच क्रमाने तपासा. गॅपचे आकडे गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) बघा, एग्झॉस्ट व्हॉल्व्ह टाइट असेल तर तो पूर्ण बंद होत नाही आणि न जळालेलं पेट्रोल बाहेर जातं.

फुकटची हवा शोधायला व्हॅक्युमचे पाइप एकेक करून चिमटीत दाबा. एखादा दाबल्यावर आरपीएम बदलून इंजिन सुधारलं, तर गळती त्याच बाजूला. उन्हाने कडक झालेले पाइप आणि कार्बोरेटरखालचं पॅकिंग हे पहिले संशयित. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधू नका, आग लागते.

आता स्क्रू

इंजिन गरम, चोकचा नॉब पूर्ण आत, एसी बंद. आधी आयडलिंग ८०० ते ९०० आरपीएमला आणा. मिक्श्चरचा स्क्रू हळू फिरवत आरपीएम सर्वांत जास्त होईल ती जागा शोधा, मग आरपीएम जरासा पडेपर्यंत आत घ्या. आयडलिंग पुन्हा जुळवा आणि हेच आणखी एकदा करा. स्क्रू तळाला जोरात आवळू नका. टोकाला चर पडली की नंतर सेटिंग कधीच स्थिर राहत नाही. गॅस अॅनालायझर असलेल्या गॅरेजमध्ये सीओ दीड ते दोन टक्क्यांच्या आसपास ठेवून घ्या.

टेस्टच्या दिवशी

थंड इंजिनावर टेस्ट देणं ही चूक सगळ्यांना माहीत असते. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात उलटीच चूक होते. पारा ४४-४५ वर असताना गाडी पळवून आणायची, बंद करून रांगेत उभी करायची आणि नंबर आला की सुरू करून लगेच प्रोब (सायलेन्सरमध्ये घालायची तपासणीची नळी) लावायचा. बंद इंजिनाच्या उष्णतेने फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या पाइपात) उतरतं आणि सुरुवातीला सीओ भलताच वर दिसतो. शक्यतो सकाळी जा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून न्या, नंबर आला की २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरा, आयडलिंग स्थिर होऊ द्या आणि मगच प्रोब लावायला सांगा.

सायलेन्सरला भोक असेल तर तेही आधी वेल्ड करून घ्या. बाहेरची हवा मिसळून आकडा कमी दिसतो खरा, पण त्यावर विश्वास ठेवून केलेलं सेटिंग सायलेन्सर बदलला की उघडं पडतं.

पास झाल्यावर ‘पिकअपसाठी’ स्क्रू पुन्हा सैल करून देणारे मिस्त्री भेटतात. नको म्हणा. तो स्क्रू आयडलिंगपुरताच असतो. लळिंग घाट चढताना पेट्रोल मेन जेटमधून जातं, त्याच्याशी या स्क्रूचा संबंध नाही.