वजाबाकीत अडखळणारे मूल : शिक्षकांनी या चुका टाळाव्यात

तिसरी-चौथीच्या वर्गात ५२ वजा २७ हे गणित दिले की काही वह्यांत उत्तर ३५ येते. आपण फुली मारतो आणि तशीच दहा गणिते घरी सोडवायला देतो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच, कारण मुलाने येथे धांदरटपणा केलेला नसतो; एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत हे पाहून त्याने सातातून दोन वजा केलेले असतात. ‘लहान अंक मोठ्यातून काढायचा’ हा त्याचा नियम दहा गणितांनी अधिकच पक्का होतो. त्याऐवजी त्याला जवळ बसवून ‘हे कसं केलंस, मला सांग बरं’ असे विचारावे आणि ते बोलत असताना मध्येच दुरुस्ती करू नये. मग काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्ट्या काड्या समोर ठेवून सत्तावीस काड्या मागाव्यात. सात सुट्ट्या काड्या देता येत नाहीत म्हणून मूल स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर सोडते, आणि पाचावर काट मारून चार का लिहायचे हे त्याला तिथे दिसते.

काही वेळा अडचण वजाबाकीत नसतेच. आपल्या संख्यानामांत एकक आधी उच्चारला जातो, त्यामुळे ‘पंचवीस’ ऐकून ५२ आणि ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणारी मुले प्रत्येक शाळेत भेटतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आणली, त्यामागे हीच अडचण होती. तोंडी सांगितलेले गणित चुकले, तर तेच लिहून देऊन पाहावे.

अडखळणाऱ्या मुलाला सर्वांसमोर फळ्यापाशी उभे करणे तर कटाक्षाने टाळावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे. पालकसभेत चारचौघांत ‘याच्याकडून अभ्यास करून घ्या’ असे सांगणेही याच जातीचे.

महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही अंकांची ओळख टिकत नसेल, तर ‘ढ’ असा शिक्का न मारता आधी डोळे तपासून घ्यावेत आणि नंतर अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे.

काड्यांचा सराव झाल्यावर आठवड्याने ८१ वजा ३४ हे एकच गणित द्यावे. उत्तर ५३ आले, तर गठ्ठे पुन्हा बाहेर काढावेत.