इन्स्टॉलेशन अर्धवट राहिलं? आधी नोड तपासा

शिरोली, गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत कास्टिंगचं सिम्युलेशन करणारा आठ नोडचा क्लस्टर (जोडून एकत्र काम करणारे संगणक, त्यातला प्रत्येक संगणक म्हणजे नोड) असो, नाहीतर कॉलेजच्या लॅबमधला. पावसाळ्यात वीज गेली, यूपीएस संपला आणि पॅकेज (सॉफ्टवेअरचा संच) चढता चढता मशिन बंद पडली, की हात लगेच तीच कमांड पुन्हा मारायला जातो. तेवढं करू नका. क्लस्टर सगळा सारखा बिघडत नाही. पाच नोडवर नवी आवृत्ती, दोनवर जुनी आणि एकावर दोन्ही, अशी गत झालेली असते.

आधी स्लर्ममध्ये (नोडना जॉब वाटून देणारं सॉफ्टवेअर) सगळे नोड ड्रेनला टाका. चालू जॉब राहतात, नवे येत नाहीत. मग 'क्लश -बी' (clush -b, एकच कमांड सगळ्या नोडवर चालवणारं साधन) वापरून प्रत्येक नोडला पॅकेजची आवृत्ती विचारा. सारखं उत्तर देणारे नोड एकत्र दिसतात, वेगळा पडलेला लगेच कळतो. त्याच दमात 'डीएफ -एच' (df -h, डिस्कवरची मोकळी जागा) आणि 'डीएफ -आय' (df -i, मोकळे आयनोड म्हणजे फाइलींच्या नोंदी) दोन्ही बघा. जागा असते पण आयनोड संपलेले असतात, हे बऱ्याचदा सुटतं. फाइलसिस्टम रीड-ओन्ली झाली असेल तर आधी एफएसचेक (fsck, फाइलसिस्टमची तपासणी-दुरुस्ती), पॅकेजचं नंतर.

एकाच पॅकेजच्या दोन ओळी आल्या तर घाबरू नका. आरपीएम (पॅकेज बसवणारी-काढणारी प्रणाली) नवं पॅकेज आधी टाकतं, जुनं नंतर काढतं. वीज नेमकी त्या दोन्हींच्या मध्ये गेली. (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मात्र दोन-तीन आवृत्त्या असणारच, त्यांना हात लावू नका.) 'डीएनएफ चेक' (dnf check; डीएनएफ हे आरपीएमच्या वरचं पॅकेज सांभाळणारं साधन) चालवा, मग 'डीएनएफ रिमूव्ह'ला 'डुप्लिकेट्स' पर्याय द्या. ही कमांड नवीन पॅकेज पुन्हा बसवते, म्हणून रेपॉझिटरीपर्यंत (पॅकेजं जिथून उतरतात ते भांडार) नोड पोचत असला पाहिजे. मागेच जायचं असेल तर 'डीएनएफ हिस्टरी'तला व्यवहाराचा नंबर घेऊन 'अनडू' करा. जुनी पॅकेजं रेपॉझिटरीत नसतील तर तेही अडतं. त्यासाठी स्वतःचा लोकल मिरर (रेपॉझिटरीची आपल्याकडची प्रत) ठेवाच.

स्लर्मच अपग्रेड होत असेल तर क्रम पाळायलाच हवा: स्लर्मडीबीडी (हिशेबाचा डेटाबेस सांभाळणारा), मग स्लर्मसीटीएलडी (मुख्य नियंत्रक), शेवटी नोडवरचे स्लर्मडी (जॉब चालवणारे). मोठ्या आवृत्तीचा डीबीडी पहिल्यांदा सुरू झाला की डेटाबेसची टेबलं बदलतो. डेटाबेसचा आधीचा डंप (बॅकअप) नसेल तर परतीची वाट नाही.

सगळं बसलं तरी एखादा नोड मंजची (munge, नोडांची आपसातली ओळख पटवणारी सेवा) तक्रार करत राहतो. सीमॉसची बॅटरी गेलेल्या नोडचं घड्याळ वीज गेल्यावर सरकतं आणि मंजच्या क्रेडेन्शियलची (ओळखपत्राची) मुदत मुळात 300 सेकंदांची. 'क्रोनीसी ट्रॅकिंग' (chronyc tracking, घड्याळ किती सरकलंय ते दाखवणारी कमांड) बघून वेळ जुळवा.

शेवटी 'आरपीएम -व्हीए' (rpm -Va, व्ही कॅपिटल) चालवून बसवलेल्या फाइली पडताळा. कॉन्फिगच्या फाइली बदललेल्या दिसल्या तर चालतं. लायब्ररी 'मिसिंग' दिसली तर ते पॅकेज रीइन्स्टॉल करा. मग दोनच नोड रिझ्यूम करा (पुन्हा कामाला लावा), त्यांच्यावर एक छोटा एमपीआय जॉब (अनेक नोडवर एकत्र चालणारा) शेवटपर्यंत जाऊ द्या आणि तो नीट संपला की बाकीचे सोडा.