पावसाळ्यातली माउंटन बाइक: राइडनंतर या चुका टाळा

जून ते सप्टेंबर सह्याद्रीत सायकल चालवायची म्हणजे चिखल आलाच. घाटमाथ्यावरची तांबडी माती पाण्याने बरीचशी निघून जाते. काळी माती मात्र टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग) यांच्या मध्ये असा गोळा धरते की चाकच फिरेनासं होतं. तरी ट्रेलवर जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त घरी आल्यावर साफसफाईत होतं.

वॉशिंग सेंटरचा फवारा

परतताना वाटेत वॉशिंग सेंटर दिसतं, दोन मिनिटांत सायकल लख्ख होते. पण हब (चाकाचा मधला भाग), बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचा आस जिथे फिरतो तो भाग), हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) यांची सील तेवढ्या दाबासाठी बनवलेली नसतात. पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, बारीक रेती मागे राहते. काही दिवसांनी चाक उचलून फिरवा, एक्सलजवळ बोट ठेवा. खरखर हाताला कळते. बादली, साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. पाइप असलाच तर धार हलकी आणि वरून खाली, बाजूने हबवर नको.

फोर्कच्या चकचकीत नळ्या कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी पाणी ओता, माती भिजू द्या. सीलच्या कडेला साचलेली रेती काढल्याशिवाय फोर्क दाबूनही बघू नका.

तेलावर तेल

ही सर्वांत महाग चूक. चेन करकरायला लागली की तिच्यावरच तेल सोडायचं! ते तेल बाहेरची रेती घेऊन रोलरमध्ये (कड्यांमधल्या फिरत्या नळ्यांमध्ये) उतरतं आणि आतून चेन झिजवत राहतं. आधी डिग्रीझरने (तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने) धुवा, पूर्ण वाळू द्या, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब. दहा मिनिटांनी बाहेरचं तेल फडक्याने पुसून टाका. ते फक्त माती धरतं. पावसात वेट ल्यूब (पाण्याने सहज न धुतलं जाणारं घट्ट तेल) लावा. दिवाळीनंतरच्या धुळीत मात्र तेच चिकट पडतं, तेव्हा ड्राय ल्यूब (धूळ कमी धरणारं तेल). गॅरेजमधलं वापरलेलं इंजिन ऑइल कुणी फुकट दिलं तरी नको.

झीज मोजायला साधी पट्टी चालते. नव्या चेनमध्ये पिनेपासून पिनेपर्यंत 12 पूर्ण लिंक (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक) बरोबर 12 इंच भरतात. 1/16 इंच जास्त भरलं तर झीज सुमारे 0.5 टक्के, 11 किंवा 12 स्पीडला (मागे तेवढे गिअर असलेल्या सायकलला) तेव्हाच चेन बदला. 9-10 स्पीडला 0.75 पर्यंत चालतं. टाळाटाळ केली तर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) जाते, आणि तिची किंमत चेनच्या कितीतरी पट असते.

ब्रेक किंचाळतायत?

बहुतेकदा चेनवर मारलेला स्प्रे रोटरवर (डिस्क ब्रेकच्या चकतीवर) उडालेला असतो. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा; तेल प्यायलेले पॅड बदलणंच बरं. ओल्या रेतीत रेझिन पॅड झपाट्याने झिजतात, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) जास्त टिकतात. पण रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ छापलं असेल तर सिंटर्ड लावू नका.

सीट ट्यूबमध्ये साचलेलं पाणी सगळेच विसरतात. ड्रॉपर (बटणाने खाली-वर होणारी सीटपोस्ट) नसेल तर सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा.

फोर्कच्या कमानीला झिप टायने बांधायचा छोटा मडगार्ड स्वस्त असतो आणि सीलवर उडणारा बराच चिखल अडवतो. केबल फ्रेमला घासते तिथे पारदर्शक टेप लावा, पण फ्रेम धुऊन, वाळवून. खाली रेतीचा कण राहिला तर टेपच्या आतूनच रंग खरवडला जातो.