ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नेमकी ओळखायची कशी?

अरबी समुद्राच्या तळातल्या गाळात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या प्लवक फोरॅमिनिफेराची (पाण्यात तरंगणाऱ्या, कवचधारी एकपेशी जीवाची) कवचे भरपूर सापडतात. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्यालगत खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि ही जाती तिथे झपाट्याने वाढते. म्हणूनच गाळातल्या तिच्या टक्केवारीवरून जुन्या मोसमी वाऱ्यांचा जोर जोखला जातो. ओळख चुकली तर पुढचा सगळा आलेख चुकतो.

सुमारे 10 ग्रॅम कोरडा गाळ वजन करून रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. सकाळी 63 मायक्रॉनच्या चाळणीवर मंद धारेखाली धुवा. गाळ बोटांनी चोळू नका, पातळ कवचे फुटतात. हायड्रोजन पेरॉक्साइड शक्यतो टाळा. ते आम्लधर्मी असते आणि कवचातले कॅल्साइट हे खनिज खाते. साधे डिस्टिल्ड पाणीही किंचित आम्लधर्मी असते, म्हणून त्यात अमोनियाचे काही थेंब टाकून पीएच 8 च्या आसपास आणा. 50 अंशांखाली वाळवा. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगात बुडवा. पुढच्या नमुन्यात निळे कवच दिसले तर ते मागचे आहे, मोजू नका.

वाळलेला नमुना 150 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा आणि वर राहिलेला भागच घ्या. त्याखालच्या पिल्लांमध्ये कप्पे जास्त आणि मुख (कवचाचे उघडे तोंड) बुटके असते, त्यामुळे त्यांची ओळख पटवणे फार अवघड जाते. स्प्लिटरने (नमुन्याचे समान वाटे करणाऱ्या साधनाने) वाटे करत करत साधारण 300 प्लवक कवचे उरतील असा भाग निवडा. 300 मध्ये 60 बुलॉइडिस निघाल्या तर 20 टक्के, कमी-जास्त साडेचार टक्के. फक्त 100 मोजल्या तर हीच चूक जवळजवळ आठवर जाते.

आता मायक्रोस्कोप. 40 ते 80 पट मोठे करून, प्रकाश बाजूने तिरका टाकून बघा. ओल्या 000 क्रमांकाच्या अगदी बारीक ब्रशने कवच उलटवत राहा: नाभीची (मधल्या खळग्याची) बाजू, वेटोळ्याची बाजू आणि कड, तिन्ही बघितल्याशिवाय नाव देऊ नका. शिवणी (कप्प्यांमधल्या सांध्यांच्या रेषा) दिसत नसतील तर खाण्याच्या रंगाचा एक थेंब पुरतो.

शेवटच्या वेटोळ्यात साधारण चार गोल, फुगीर कप्पे, भराभर मोठे होत गेलेले. शिवणी खोल. भिंतीवर काट्यांची बारीक बुंधे. काटे स्वतः गाळात टिकत नाहीत. पण नुसते कप्पे मोजून भागत नाही, निकाल मुखावर लागतो. बुलॉइडिसचे मुख नाभीवर मधोमध, मोठे, उंच कमानीसारखे असते आणि त्याला ओठ नसतो.

सर्वांत जास्त फसवते ती ग्लोबिजेरिना फाल्कोनेन्सिस. चार कप्पे, तोच तोंडवळा, पण मुखाच्या कडेला स्पष्ट ओठ आणि शेवटचा कप्पा बहुधा आधीच्यापेक्षा लहान. मुखात गाळ भरला असेल तर ओठ झाकला जातो, म्हणून आधी ब्रशने साफ करा. ग्लोबिजेरिनेला कॅलिडाचे मुख नाभीवरून कडेकडे सरकते आणि कप्पे बाहेरच्या दिशेने लांबट होतात. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबरला तीनच कप्पे असतात. उलटून बघा, वेटोळ्याच्या बाजूला जादा छिद्रे दिसली की शंका मिटते. निओग्लोबोक्वाड्रिना ड्यूटरट्रेई पाच-सहा कप्प्यांची, काट्यांविना.

शेवटचा कप्पा फुटून पडलेले भोक उंच मुखासारखे भासते, हा सापळा नवशिक्यांना हमखास अडकवतो. खऱ्या मुखाची कड गुळगुळीत असते, फुटीची दातेरी. वेटोळे डावे की उजवे हे नोंदवा, पण त्यावरून ही जाती ठरवू नका.

वर्गीकरण असे: फोरॅमिनिफेरा, त्यात ग्लोबिजेरिनिडी कुळ, ग्लोबिजेरिना प्रजात (जीनस), बुलॉइडिस जाती (स्पीशीज). पुढे 'दॉर्बिनी, 1826' हे जातीचे पहिले वर्णन करणाऱ्याचे नाव आणि साल कंसाविना लिहायचे, कारण जाती मूळच्या प्रजातीतच आहे. रुबरचे वर्णन 1839 मध्ये दॉर्बिनीनेच ग्लोबिजेरिना म्हणून केले होते. पुढे प्रजात बदलली, म्हणून तिथे कर्त्याचे नाव आणि साल कंसात जातात. खात्री नसेल तेव्हा 'ग्लोबिजेरिना सीएफ. बुलॉइडिस' (सीएफ. म्हणजे 'याच्याशी ताडून पाहा') लिहा आणि अशी कवचे वेगळ्या रकान्यात मोजा. डीएनएवरून बुलॉइडिसमध्ये उष्ण आणि थंड पाण्यातले वेगवेगळे जनुकीय प्रकार सापडले आहेत, पण ते कवचावरून खात्रीने वेगळे करता येत नाहीत, तेव्हा गाळातल्या कवचांना तसली उपनावे देऊ नका.

प्रत्येक नमुन्यातली पाच-सहा उत्तम कवचे गम ट्रॅगाकँथ या डिंकाने स्लाइडवर चिकटवून ठेवा, त्यांतली एक मुख वर करून आणि एक उलटी. महिन्याभराने त्याच स्लाइडशी ताडून 50 कवचे पुन्हा ओळखा. फाल्कोनेन्सिसचा आकडा बदलला, तर आधीचे नमुनेही पुन्हा मोजायला घ्या.