जपानहून आलेल्या सात सीटरचा रेडिओ इकडची स्टेशनं पकडत नसेल तर

न्यूझीलंडमध्ये टोयोटाच्या विश गाडीपेक्षा नवीन म्हणून टोयोटाचीच सात सीटर प्रियस अल्फा घेतलीत, मुलं, आजी-आजोबा सगळे मावतात, पण रेडिओ 76 ते 90 मेगाहर्ट्झमध्येच अडकतो आणि इकडचं एफएम 88 ते 108 वर. लगेच नवा स्टिरिओ घेऊ नका हो, बँड एक्सपांडर नावाची छोटी डबी मिळते, ती इकडची स्टेशनं खाली सरकवून तुमच्या रेडिओच्या नंबरांत आणते आणि नव्या स्टिरिओपेक्षा खूपच स्वस्त पडते.

1. आधी तुमच्या आवडीच्या स्टेशनांचे नंबर लिहून काढा.
2. डबीवर किती मेगाहर्ट्झ सरकवते ते बघा. 12 वाली असेल तर 98.2 हे 86.2 वर लागतं, पण 102 च्या वरची ऐकू येत नाहीत, म्हणून यादी बघूनच घ्या.
3. अँटेनाची वायर आणि रेडिओ यांच्या मध्ये ती जोडायची, पॉवर अ‍ॅक्सेसरीच्या वायरवरून (किल्ली फिरवली की जिच्यात वीज येते ती).

एक मात्र सांभाळा, टोयोटाच्या बऱ्याच जपानी स्टिरिओत नकाशाचं एसडी कार्ड असतं, नकाशा जपानचा, इथे काय कामाचा म्हणून ते काढून टाकू नका. बॅटरी काढली की स्टिरिओ तेच कार्ड मागतो आणि नसेल तर लॉक होऊन बसतो. गाडी ताब्यात घेतानाच कार्ड आत आहे का बघून घ्या.